आई-बाबा, पडायला शिका

प्रिय आई, बाबा,

आई, परवा फोनवर तू म्हणालीस ना की चाळिशीला आलेल्या बाईने पोराटोरांबरोबर मॅटवर आपटाआपटी कशाला करायची, हातपाय मोडला तर घर कोण बघणार, आणि मागून बाबांचा आवाज आला की शिकू दे गं तिला. तेव्हा चिऊचा डबा भरत होते म्हणून नीट बोलता आलं नाही. आज सविस्तर लिहितेय, दोघांनी चष्मा लावून सावकाश वाचा.

आई, ज्युदोच्या क्लासला सुरुवातीला कुणाला उचलून टाकायला शिकवत नाहीत, पडायला शिकवतात. कित्येक दिवस फक्त तेच. त्याला उकेमी म्हणतात. आधी उकिडवं बसून मागे लोळायचं, मग अर्धं उभं राहून, मग पूर्ण उभं राहून. हनुवटी छातीला टेकवायची आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही, श्वास रोखायचा नाही, सोडायचा, आणि हात अंगापासून थोडे तिरके पसरून आख्ख्या हाताने मॅटवर थाप मारायची, म्हणजे पडण्याचा मार एका जागी न बसता सगळ्या अंगावर वाटला जातो. मागे पडायची उकेमी वेगळी, कुशीवर पडायची वेगळी, पुढे पडायची वेगळी. आणि पडताना तळहात पुढे टेकवायचा नाही हे तर सर रोज ओरडून सांगतात, कारण सगळं वजन मनगटावर येतं आणि तिथलं हाड जातं. आत्याचं मनगट असंच गेलं होतं ना, अंगणातल्या शेवाळावर घसरून.

या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या जिन्यावर, शेवटच्या दोन पायऱ्यांवर माझा पाय सटकला. हातात भाजीची पिशवी. काही विचार करायला वेळच नव्हता, अंग आपोआप कुशीवर वळलं, मान आत गेली, दंडाला खरचटलं आणि बास. उठले, टोमॅटो गोळा केले, घरी आले. तुला तेव्हा सांगितलं नाही कारण तू घाबरली असतीस, पण आता सांगते कारण तू ज्या क्लासची काळजी करतेयस त्या क्लासनेच त्या दिवशी मला वाचवलं, हे तुला कळायला हवं.

बाबा, तुम्ही लहानपणी तालमीत जायचात, त्या तांबड्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालायचे हे तुम्हीच सांगायचात, आणि आपण कराडचे म्हणून गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांचं तर घरात देवासारखं नाव. १९४८ ला लंडनला मॅटवरच्या कुस्तीची सवय नसताना सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांची ढाक तुम्ही मला हाताने करून दाखवायचात, आठवतंय? आमच्याकडे कोशी गुरुमा म्हणून एक डाव आहे, मानेभोवती हात घालून कमरेवरून घ्यायचा, पहिल्यांदा शिकवला तेव्हा मला लगेच तुमची ढाक आठवली, दोन्ही डाव सख्खी भावंडं वाटतात बघा. घरी आले की दाखवते, पण चिऊवर, तुमच्यावर नाही.

ज्युदो सुरू करणारे जिगोरो कानो अंगाने लहानखुरे होते, शाळेत धटिंगण पोरं त्रास द्यायची म्हणून जुजुत्सू ही झटापटीची जुनी जपानी विद्या शिकायला गेले. १८८२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत स्वतःचा वर्ग काढला. जुन्या विद्येतले जीवघेणे प्रकार त्यांनी जोडीच्या झटापटीतून बाजूला काढले, म्हणूनच आज माझ्यासारखी बाई पूर्ण ताकद लावून सराव करू शकते आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊ शकते. मला सगळ्यात जास्त आवडते ती थापेची रीत. कुणी तुम्हाला खाली दाबून धरलं, हात अडकवला, आणि सहन होईना की दोनदा थाप मारायची, त्याच्या अंगावर नाहीतर मॅटवर, आणि समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. कितीही मोठा असो, ब्लॅक बेल्ट असो, सोडायचंच. चिऊ पण मुलांच्या बॅचला जाते आणि तिला या वयात हे अंगवळणी पडतंय की नको म्हटलं की समोरच्याने थांबायचं असतं आणि दुसऱ्याने नको म्हटलं की आपणही थांबायचं. मला याचं फार मोल वाटतं.

रस्त्यावरचं विचाराल तर तिथे डाव क्वचितच लागतात. लागतं ते अंतर आणि आवाज. बसमध्ये एक माणूस सारखा अंगावर येत होता, पूर्वी मी आक्रसून खिडकीकडे सरकले असते, आता पाय फाकवून पक्की उभी राहिले, वळून त्याच्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मागे सरका, लांब उभे राहा." सरकला. पुढच्या स्टॉपला उतरूनच गेला. कुणी मनगट धरलंच तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात पिरगाळून झटक्यात काढायचा कारण पकड तिथेच कच्ची असते, आणि काढला की पळायचं, तिथे उभं राहून हिशोब करायचे नाहीत. बाबा, तुम्हाला पोलीस केसची काळजी असते, कोर्टात नोकरी केलीत म्हणून. पण जुन्या आयपीसीत ९६ ते १०६ मध्ये जो स्वतःच्या बचावाचा हक्क होता तो भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, फक्त गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आमचे सर पण हेच सांगतात, सुटण्यापुरतं.

आणि वयाचं म्हणशील आई, तर केको फुकुदा नावाच्या बाई होत्या, कानोंच्या गुरूंची नात, उंची पाच फुटांपेक्षा कमी. बायकांना पाचव्या डानच्या (डान म्हणजे ब्लॅक बेल्टमधली पायरी) पुढे देत नसत म्हणून त्यांना कित्येक वर्षं तिथेच अडकवून ठेवलं, त्यांनी शिकवणं सोडलं नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा डान दिला तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या.

आता माझी काळजी. मी पडेन याची तू काळजी करतेस, आणि मी रात्री झोपताना तुम्ही दोघं पडाल याची करते. बाबा बीपीची गोळी घेतात आणि रात्री झटकन उठून बाथरूमला जातात. तसं उठू नका, आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसा, चक्कर नाही ना बघा, दिवा लावा, मग उभे राहा. आई, तू खाली बसून विळीवर भाजी चिरतेस ते बंद करू नकोस, ओट्यापाशी उभं राहून करणं सोपं वाटतं पण खाली बसून उठायची अंगातली ताकद एकदा गेली की परत आणणं अवघड. स्वीडनमध्ये आणि नेदरलँड्समध्ये वयस्कर माणसांना ज्युदोसारख्या कलांमधलं पडण्याचं तंत्र मुद्दाम शिकवतात, त्यांच्या हाडांना झेपेल इतकं सोपं करून.

चुकून पडलातच तर गडबडीने उठायचं नाही. आधी दोन श्वास घ्या, कुठे दुखतंय बघा. कमरेत, मांडीच्या सांध्यात जोरात कळ असेल किंवा डोक्याला लागलं असेल तर हलायचं नाही, हाक मारा, १०८ ला फोन करा. नाहीतर कुशीवर वळा, कोपरावर या, मग गुडघे आणि हात टेकून रांगत पलंगाकडे नाहीतर जड खुर्चीकडे, हात तिच्यावर ठेवा, चांगला पाय पुढे टेकवा आणि जोर लावून उठा, उठल्यावर लगेच चालू नका, बसा.

आई, मंगळसूत्र. सकाळी फिरायला जाताना समोरून गाड्या येतील त्या बाजूने, आतल्या कडेने चाल, पदर गळ्यावरून घे. आणि बाईकवाल्याने हात घातलाच तर सोडून दे. खरंच सोड. धरून ठेवलं की फरफटत नेतात. मला तू हवीयस. आणि फोनवर पोलीस, सीबीआय म्हणून कुणी धमकावलं, घरातून हलू नका म्हणालं तर फोन ठेवा आणि मला लावा, डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाही, बाबा तुम्हाला तर माहितीच आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

मी दिवाळीला चार दिवस आधी येतेय. माजघरात दोन गाद्या आणि वरून गोधड्या घालू, बसल्या जागेवरून कुशीवर लोळण्यापासून सुरू करू, थाप-बीप काही नाही. त्याआधी दोघंही हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन या, हाडांची घनता तपासून घ्या, आणि असं केलं तर चालेल का ते विचारून मला कळवा. मी येईपर्यंत स्वतःचं स्वतः काही करून बघायचं नाही, हे बाबांना जास्त सांगतेय. आणि बाथरूममध्ये पकडायचा दांडा याच आठवड्यात बसवून घ्या, भिंतीत पक्का ठोकलेला, टॉवेल टाकायचा दांडा वजन घेत नाही. पैसे पाठवलेत.

तुमची,
मनू