गोळीआधी गाठीची तपासणी

आरोग्य पुरवणीतील ‘टार्गेटेड’ (कर्कपेशीतील नेमक्या बिघाडावर चालणाऱ्या) गोळ्यांवरील लेख वाचला; या गोळ्या वेगाने वाढणाऱ्या सर्वच लिम्फोमांवर (लसीका पेशींच्या कर्करोगांवर) चालतील, असा त्यातून होणारा समज मला घातक वाटतो. मुलांत व तरुणांत आढळणाऱ्या अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमात बहुधा २ व ५ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ‘एएलके’ या रिसेप्टरचा (बाहेरचे संदेश पेशीत पोहोचवणाऱ्या प्रथिनाचा) आतला भाग भलत्याच प्रथिनाला जोडला जातो आणि बाहेरून कोणताही संदेश नसताना पेशीला विभाजनाचा हुकूम देत राहतो, हे १९९४ मध्ये उघड झाले. क्रिझोटिनिब हे टार्गेटेड औषध नेमके त्यालाच रोखते. पण अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मिळालेली मान्यता उलटलेल्या किंवा उपचारांना दाद न देणाऱ्या, एएलके आढळलेल्या आजारापुरतीच आहे. पहिला उपचार आजही केमोथेरपीच. तेव्हा बायोप्सीच्या काचपट्टीवर एएलके असल्याचे दाखवणारा तपकिरी रंग उमटतो की नाही, हे पाहिल्याशिवाय गोळीची चर्चा व्यर्थ आहे. ताप आणि मानेतील गाठ म्हणजे क्षयच, असे गृहीत धरल्याने आपल्याकडे ही बायोप्सीच अनेकदा लांबते. लेखात त्याबद्दल एक ओळही नसावी, याचे वाईट वाटते.

— एक पॅथॉलॉजिस्ट, नाशिक