विकल्प अर्ज भरण्याआधी

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या फिया ऐकून पोटात गोळा आला, मी आपली सोलापुरातच बीएस्सी करते." मागे लूम चालू होते, धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. तुला बीएस्सीच आवडत असेल तर खुशाल कर, कोण अडवतंय? पण सीईटीला एवढे पर्सेंटाईल पाडून फीच्या बोर्डाला घाबरून मागे फिरणार असशील, तर आधी हिशेब नीट मांडू.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, एवढीच पैशाची अट. माझा लूमवरच्या जॉबरचा पगार आणि तुझ्या आईच्या टॉवेल शिलाईचे पैसे धरले तरी आपण त्या आकड्याच्या आसपासही नाही. आधी ही माफी निम्मी होती. तुझ्या दादाला अजूनही निम्मीच मिळते, म्हणून त्याचं ऐकून हिशेब करू नकोस.

आता खरी मेख. माफी मिळणार की नाही, हे जागा कशी मिळाली त्यावर ठरतं. कॅप राउंडमधून, म्हणजे विकल्प अर्जात पसंतीची कॉलेजं भरतो त्या सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळाली तर माफी. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला घेतली तर एक रुपयाही नाही, मग उत्पन्न कितीही कमी असो. आणि खाजगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठांना ही योजनाच लागू नाही. तू आत्याबरोबर जे चकचकीत कॅम्पस बघून आलीस, ते त्यातलंच आहे. तिथल्या काउन्सेलरने 'स्कॉलरशिप मिळेल' म्हटलं असेल, पण ती त्यांची स्वतःची सवलत. पहिल्या वर्षी देतात, पुढच्या वर्षी मार्कांची अट सांगतात. असल्या सवलतीवर चार वर्षांची उडी मारायची नाही.

आत्याचे जावई सांगतात तसं टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या वेगळ्या जागांच्या मागेही लागू नकोस. त्या थोड्या जागा, कटऑफ उंच, आणि एकदा घेतली की ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही. मुलाला ती सोन्यासारखी. तुझी ट्यूशन फी साध्या कॅप जागेवरही माफच आहे, मग वरची पसंती त्यात कशाला अडकवायची?

आता जे माफ नाही त्याचं बोलू. डेव्हलपमेंट फी भरावी लागते. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप हा सगळा खर्च आपला. खरा बोजा इथे आहे. इथल्या सोलापूरच्या वालचंद कॉलेजला गेलीस तर राहणं-खाणं घरचं. सांगलीचं वालचंद अनुदानित आहे, पण तिथे हॉस्टेल आलं. पुण्यात तर खोलीचं भाडंच खिसा रिकामा करतं. तेव्हा प्रत्येक कॉलेजपुढे फी लिहू नकोस. माफी वजा जाता चार वर्षांत आपल्या हातून किती जाणार ते लिही. त्या आकड्यांवर यादी लाव. मग पुणं वर आलं तरी माझी ना नाही.

हॉस्टेलसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांना मिळतो. मोहोळकडची आपली सव्वा एकर त्यात बसते, फक्त सात-बाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. तलाठ्याकडे वारसाच्या फेरफाराचा अर्ज दिलाय. तो झाला की तहसीलदारांचा अल्पभूधारक दाखला निघेल. भावकीतल्या सह्यांचं काम माझ्याकडे, तू त्यात डोकं घालू नकोस. (काका सही करताना चहाऐवजी जेवण मागणार, ते वेगळं.)

उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज सेतूत दिलाय. तुझं काम महाडीबीटीचं, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जाचं. अर्ज भरताना मोबाईल नंबर तुझाच टाक, नेट कॅफेवाल्याचा नको. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि मग पोरी दुकानापुढे उभ्या असतात. आधारवरचं नाव बारावीच्या मार्कशीटशी अक्षर न अक्षर जुळतंय का ते आताच बघ. आणि बँकेत "आधार जोडलंय" म्हणाले की परतू नकोस. केवायसीसाठी जोडणं वेगळं आणि डीबीटीसाठी एनपीसीआयला खातं जोडणं वेगळं. सरकारी पैसे त्या दुसऱ्यावर येतात. तसं झालंय का, असं स्पष्ट विचार.

अर्ज आधी कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग विभाग. कागद चुकला तर 'सेंड बॅक' होतो. आठवड्याला एकदा लॉगिन करून बघत जा, नाहीतर मुदत निघून जाते. दरवर्षी नूतनीकरणही करावं लागतं. प्रवेशाच्या वेळी कॅपमधल्या, माफीत बसणाऱ्या मुलींकडून ट्यूशन फी मागायची नाही, असा नियम आहे. तरी कोणी मागितली तर वाद घालू नकोस, "लेखी द्या" एवढंच म्हण.

एवढं करून जे कमी पडेल, त्यासाठी भिशी किंवा हातउसने मला नकोत. बँकेचं शैक्षणिक कर्ज काढू. त्यात हॉस्टेल, मेस, लॅपटॉपही धरतात. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल आणि कॉलेजला नॅक किंवा कोर्सला एनबीएचं मानांकन असेल, तर शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष व्याज केंद्र सरकार भरतं. म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजपुढे मानांकनही लिही. कर्ज तुझ्या नावावर, मी सहकर्जदार. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

तुझ्या मैत्रिणीला सांग, तिची आई विडी कामगार आहे, तर त्यांच्या पाल्यांसाठी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर वेगळी शिष्यवृत्ती असते. पण दुसरी कुठली शिष्यवृत्ती ती घेत असेल तर ही मिळत नाही. तिने दोन्ही रकमा शेजारी ठेवून एकच अर्ज करावा.

यादी करून ठेव आणि विकल्प अर्ज लॉक करण्याआधी फोन कर. रात्री आठनंतर कर, तोवर मी घरी आलेला असतो. आत्याला नमस्कार.

तुझे,
पप्पा