मेडिकलच्या आधीची नोकरी रेसिडेन्सीवाले बघतात का? बघतात, पण...

संपादक महोदय, स.न.वि.वि.

परदेशातल्या डॉक्टरकीबद्दल तुमच्या पेपरात अधूनमधून जे येतं ते मी न चुकता वाचते, आणि दर वर्षी नात्यातली, मंडळातली मंडळी मला एकच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं. मी इथे अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या एका रेसिडेन्सी प्रोग्राममध्ये शिकवते (रेसिडेन्सी म्हणजे मेडिकल झाल्यावर हॉस्पिटलात राबत घ्यायचं स्पेशालिटीचं प्रशिक्षण). सप्टेंबर संपत आला की अर्ज उघडतात आणि मग जानेवारीपर्यंत आमचं वाचन आणि इंटरव्ह्यू हेच चालू. तर प्रश्न असा, की मुलाने कॉलेज आणि मेडिकल स्कूलच्या मधे दोन वर्षं स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरच्या नोट्स लिहून द्यायचं काम केलं, किंवा मुलगी ॲम्ब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे प्रथमोपचार करणारी होती, किंवा जावई आधी इंजिनिअर होता आणि तिशीत मेडिकलला गेला, तर याचा रेसिडेन्सीला काही उपयोग आहे का, की ते मेडिकल स्कूलच्या ॲडमिशनपुरतंच होतं आणि आता त्याचं काही नाही?

आधी उत्तर देते, मग पाल्हाळ लावते. उपयोग होतो. पण इंटरव्ह्यूचं बोलावणं यायला फारसा नाही, बोलावणं आल्यानंतर होतो, आणि तोही त्या अनुभवाने पुढे मेडिकलमध्ये तुमच्या हातून काही वेगळं घडलं असेल तर.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे बारावीनंतर थेट मेडिकल नसतं, आधी चार वर्षांचं कॉलेज, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, जी मेडिसिनला तीन वर्षं आणि जनरल सर्जरीला पाच. कॉलेज संपलं की लगेच मेडिकलला जाणारी मुलं आता कमी झालीत, बहुतेक जण मधे एकदोन वर्षं काहीतरी काम करतात. बहुतेक विषयांचा रेसिडेन्सीचा अर्ज एरास नावाच्या ऑनलाइन सिस्टीममधून जातो, शेवटी दोन्ही बाजू आपापली रँक लिस्ट देतात आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅचचा निकाल लागतो. आता या अर्जात अनुभवांसाठी फक्त १० जागा आहेत. पूर्वी मुलं वाटेल तेवढी यादी लावायची, ते बंद झालं (बरं झालं, आमचे डोळे वाचले). प्रत्येक अनुभवाला ७५० कॅरेक्टर, आणि त्यातले तीन सगळ्यात महत्त्वाचे निवडायचे, त्यांना वर आणखी ३०० कॅरेक्टर. हे अनुभव मेडिकल स्कूलमधलेच हवेत असं कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा आधीची नोकरी टाकू का, याचं उत्तर बिनदिक्कत टाका, पण दहामधली एक जागा खर्च होतेय हे लक्षात ठेवून टाका.

आता कटू भाग. मेडिसिनच्या प्रोग्रामला अर्ज हजारांनी येतात, वाचणारे आम्ही मूठभर, तेही वॉर्ड आणि ओपीडी सांभाळून. मग पहिली चाळणी कशाची लागते, तर स्टेप टू सीकेचा (डॉक्टरकीच्या परवान्यासाठी स्टेप नावाच्या ज्या परीक्षा असतात त्यातली दुसरी) स्कोअर, कुठली परीक्षा नापास झालीय का, मेडिकल स्कूलकडून येणारं एमएसपीई म्हणजे डीनचं पत्र, क्लर्कशिपमधले, म्हणजे स्टुडंट म्हणून वॉर्डवर केलेल्या कामावरचे शेरे आणि शिफारसपत्रं. जानेवारी २०२२ मध्ये स्टेप वन नुसती पास-फेल झाली तेव्हा सगळीकडे चर्चा होती की आता मार्कांचं राज्य संपलं, आता माणूस बघणार, होलिस्टिक रिव्ह्यू वगैरे. झालं काय, तर स्टेप वनचं बरंचसं वजन स्टेप टूवर जाऊन बसलं. ॲम्ब्युलन्सवर काढलेली तीन वर्षं नापास झालेली स्टेप झाकत नाहीत. इमर्जन्सी मेडिसिनवाल्यांना ईएमटी, पॅरामेडिक ही मंडळी जवळची वाटतात हे खरं, पण तिथेही स्लो नावाचं त्यांचं जे ठरावीक नमुन्यातलं मूल्यमापनपत्र लागतं ते मेडिकल स्कूलमध्ये असताना केलेल्या इमर्जन्सीच्या रोटेशनमधूनच येतं, जुन्या ॲम्ब्युलन्सच्या साहेबाकडून नाही. तसंच शिफारसपत्रांचं. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रं लावता येतात, त्यातली एक जागा मेडिकलच्या आधीच्या बॉसला देऊ नका. तो कितीही छान लिहू दे, आम्हाला हा मुलगा वॉर्डवर कसा वागतो हे हवं असतं.

मग आधीच्या अनुभवाचं होतं काय? एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. एक मुलगी मेडिकलच्या आधी फार्मसी टेक्निशियन होती, काउंटरवर. तिने अर्जात सेवाभाव, करुणा असलं काही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की मी कोपे, म्हणजे इन्शुरन्स असूनही खिशातून भरायचा वाटा, किती ते सांगायचे आणि मग लोक विचारायचे, यातलं कुठलं आत्ता नाही घेतलं तर चालेल? आणि इन्शुरन्सचं प्रायर ऑथोरायझेशन, म्हणजे औषधासाठी कंपनीची आधी घ्यायची मंजुरी, अडकलं की माणूस औषध न घेताच घरी जातो, डॉक्टरला पत्ताच नसतो, चार्टमध्ये औषध चालू आहे असंच दिसत राहतं. त्याखालची एन्ट्री मेडिकल स्कूलमधली होती. वॉर्डवर स्टुडंट असताना ही डिस्चार्जच्या आदल्या दिवशी फार्मसीला फोन करून ब्लड थिनरचं (रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं) ऑथोरायझेशन झालंय का बघायची, आणि थोड्या दिवसांनी इंटर्नच (इथे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षातले डॉक्टर) तिला बाकीच्या पेशंटचं विचारायला लागले. इंटरव्ह्यूत मी तिला यावरच विचारलं, तर तिने फोनवर कुणाला काय सांगितलं की काम लवकर होतं इथपर्यंत सांगितलं, आणि मला तिला लगेच उद्यापासून ये म्हणावंसं वाटलं, कारण रेसिडेंटचं अर्धं आयुष्य असल्याच फोनवर होल्डवर जातं.

याच्या उलट स्क्राइब मुलांच्या एन्ट्र्या. "डॉक्टरांसोबत काम करताना मला एम्पथीचं महत्त्व समजलं" हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल याला गणती नाही. अरे बाबा, तू दोन वर्षं डॉक्टरच्या पाठीमागे उभा राहून नोट्स लिहिल्यास, पेशंट वाकडातिकडा बोलत असताना त्यातून हिस्टरी कशी सरळ काढायची हे तुझ्या हाताला बसलंय, चांगला डॉक्टर आणि घाईतला डॉक्टर यातला फरक तू रोज कानांनी ऐकलायस, ते लिही ना! ते नाही लिहिणार, एम्पथी लिहिणार.

आणखी एक गोष्ट जिचा मला राग येतो. आपले पालक, काका, मामा मुलांना सांगतात की ती हॉटेलातली वेटरची नोकरी काढून टाक, बरं दिसत नाही, त्याऐवजी चार दिवसांचं हॉस्पिटल व्हॉलंटिअरिंग टाक. अहो, उलटं आहे. फी आणि भाडं भरायला ज्याने टेबलं पुसली, रात्री उशिरा शिफ्ट संपवून सकाळी लॅबला गेला, तो वेळेवर येतो, चिडलेल्या माणसाशी नीट बोलतो, आणि कोणी चूक दाखवली तर तोंड पाडून बसत नाही, निदान माझा अनुभव तरी हाच. इंजिनिअर, शिक्षक, नर्स, मिलिटरीतले मेडिक असे आधी खरी नोकरी केलेले लोक याच कारणासाठी आवडतात. इंजिनिअरिंग कामाला येतं म्हणून नाही (रेडिओलॉजीत कधी येतही असेल), पण वर बॉस असणं, टीममध्ये सगळ्यात खालचा असणं, हे त्यांना आधीच माहीत असतं. इंटर्न वर्षात हे माहीत नसलेली हुशार मुलं फार रडतात.

शाळेतलं मात्र काहीही टाकू नका, अगदी शाळेपासून आजपर्यंत सलग चालू असेल तर गोष्ट वेगळी. अरंगेत्रम, टेनिस, ढोलपथक यासाठी छंदांची वेगळी जागा आहे, आणि खोटं नाही सांगत, इंटरव्ह्यूची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

रिसर्चचं थोडं वेगळं. मेडिकलच्या आधी लॅबमध्ये असताना पेपर आला असेल तर तो पूर्ण धरला जातो, पेपरला एक्स्पायरी डेट नसते. फक्त सगळे पेपर आधीचेच असतील आणि मेडिकलच्या चार वर्षांत एकही नसेल, तर रिसर्चवाले प्रोग्राम विचारणारच की नंतर काय झालं. आणि पालकांनो, मॅचवाल्यांच्या रिपोर्टमध्ये डर्मॅटॉलॉजीला, न्यूरोसर्जरीला जे दोन आकडी ॲव्हरेज दिसतं ते नुसत्या पेपरचं नाही, त्यात ॲबस्ट्रॅक्ट, पोस्टर, प्रेझेंटेशन सगळं एकत्र मोजलेलं असतं. ते बघून घरात सुतक पाळायची गरज नाही.

आता इथल्या मराठी घरांत एक ठरलेलं वाक्य असतं, वर्ष वाया गेलं. मुलगा मेडिकलच्या आधी दोन वर्षं थांबला की आई फोनवर हळू आवाजात सांगते. आमच्या कमिटीत मेडिकलच्या आधीचं वर्ष वाया गेलं असं मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तारखा समोर असतात, मधे काय केलं ते दिसतं, नसेल तर विचारतात, एवढंच. आजीची शुश्रूषा केली, पैसे नव्हते म्हणून गोडाऊनमध्ये काम केलं, हेसुद्धा सांगता येतं, घरच्या अडचणींबद्दल लिहायला अर्जात वेगळी जागाच आहे.

पण हे सगळं वाचून भारतातल्या एमबीबीएसच्या मुलांनी स्वतःला लावून घेऊ नये, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे, कारण मार्गदर्शनाच्या लेखांत हे दोन रस्ते सर्रास एकात मिसळलेले असतात. तुम्ही बारावीनंतर थेट मेडिकलला गेलात, तुमच्याकडे तो आधीचा काळच नाही आणि तो नाही म्हणून कोणी मार्क कापत नाही. तुमची दोन वर्षं येतात ती डिग्रीनंतर, आणि ती मात्र मोजली जातात. ग्रॅज्युएशनला किती वर्षं झाली याची मर्यादा बरेच प्रोग्राम लावतात, कोणी पाच, कोणी तीन. अमेरिकेतल्या मुलाने दोन वर्षं काम केलं तर ते डिग्रीच्या आधी म्हणून कौतुक, तुम्ही पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर म्हणून त्याच्या दसपट जबाबदारीचं काम केलंत तरी घड्याळ चालू. हे अन्यायाचं आहे असं मला वाटतं आणि मी मीटिंगमध्ये बोलतेही. तोवर ते पीएचसीचं काम अर्जात पहिल्या तीनमध्ये टाका, रात्री एकटे असताना काय काय सांभाळलं ते नीट लिहा, आणि ईसीएफएमजी सर्टिफिकेट (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथल्या रेसिडेन्सीसाठी लागतं ते) आणि इथला क्लिनिकल अनुभव याला उशीर करू नका.

पुढच्या वेळी या विषयावर पुरवणी काढाल तेव्हा इथे शिकलेल्या मुलांचं आणि तिथून येणाऱ्या मुलांचं वेगवेगळं छापा, एवढी विनंती.

आपली,
इंटर्नल मेडिसिनमधली एक डॉक्टर, अमेरिका