जिनिंगची वर्गणी पोडालाही पोचू द्या

संपादक महोदय,

घाटंजी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी अध्यक्ष आहे. कापसाचे पैसे गावात खेळायला लागले की आम्ही पावतीपुस्तक घेऊन निघतो. जिनिंगवाले, कृषी केंद्र, किराणा दुकानं, पुण्याला नोकरीला लागलेली गावची पोरं. शिवाय 26 जानेवारीचा आनंद मेळावा; त्यात पोरींनी विकलेल्या कच्च्या चिवड्याचे पैसेही शाळेलाच. तीन वर्षांत टीव्ही, सहा पंखे आणि पाण्याचं आरओ झालं. छाती फुगवून सांगायचो मी.

गेल्या मार्चात आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, समिती अध्यक्षांची बैठक चार किलोमीटरवरच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर होती. शाळेचा पट सतरा. अकरा वाजताच टिनं तापलेली, म्हणून सर पोरांना घेऊन चिंचेखाली बसलेले. सावली सरकली की चटई सरकवायची. आत एक पंखा होता, त्याला पाती दोनच. मी सहज तिथल्या अध्यक्षांना म्हटलं, तुम्हीही वर्गणी करा ना.

"भाऊ, पोडावर दुकान तरी हाये का? मागाव कोनाले?"

मला उत्तर सुचलं नाही. परतताना गाडीवर ध्यानात आलं, या माणसाचा कापूस त्याच जिनिंगवर उतरतो, बियाणं-खत तो त्याच कृषी केंद्रातून उधारीनं नेतो. पावतीवर नाव दुकानदाराचं, पण पैशात पोडाचाही घाम आहे. आमची शाळा सडकेला लागून आहे, एवढंच आमचं कर्तृत्व.

सरकारी अनुदानही पट पाहूनच येतं. समग्र शिक्षातून 30 पर्यंत पटाला वर्षाचे 10 हजार, 31 ते 100 पटाला 25 हजार. पट कमी म्हणून छप्पर काही कमी गळत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की वर्गणीतला आणि मेळाव्याच्या गल्ल्यातला चौथा हिस्सा केंद्रातल्या अशा शाळांसाठी काढावा. रोख द्यायची नाही, नाहीतर हिशेबावरून भांडणं ठरलेली. केंद्रप्रमुखांसमोर सगळ्या अध्यक्षांनी बसून कुणाला काय हवं ते ठरवावं, वस्तू घ्यावी आणि त्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे वस्तूंच्या नोंदवहीत, चढवावी. कुणी आजोबांच्या नावानं कपाट दिलं तर ते दिलं त्या शाळेचंच. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत 75 टक्के पालक बसवलेत. एवढ्याशासाठी मुंबईच्या जीआरची वाट कशाला पाहायची?

आमच्याच समितीतल्या एका ताईंनी विचारलं, "आमच्या पोरींनी चिवडा विकला, तो दुसऱ्या गावासाठी काहून?" त्यांचं चुकत नाही. आमच्याही संडासाचं दार मोडकंच आहे. म्हणून तर चौथाई म्हणतो, अर्धं नाही.

पुढच्या बैठकीत ठराव मांडतोय. सूचक मी आहे, अनुमोदक अजून मिळायचा आहे.

– एक शेतकरी पालक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ