सापडलेली वस्तू आणि तिची जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोंगरात, जंगलात किंवा समुद्रकिनारी भटकणाऱ्यांना जुनी वस्तू सापडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात आणि त्यांतले छायाचित्र बहुधा एकाच धाटणीचे असते : घासूनपुसून लख्ख केलेले नाणे आणि ते तळहातावर धरलेला हसरा माणूस. ते नाणे मुळात कसे पडले होते, किती खोल होते, शेजारी खापराचे तुकडे किंवा कोळसा होता का, याचा बातमीत मागमूसही नसतो. अभ्यासकांना मात्र नेमके तेच हवे असते, कारण मातीच्या कोणत्या थरात आणि कशाच्या सोबतीने वस्तू मिळाली यावरूनच तिच्याभोवतीचा इतिहास उलगडतो. तो दुवा उचलताक्षणी तुटतो, आणि घासण्याच्या उत्साहात नाण्यावरची अक्षरेही झिजतात.

१९ सप्टेंबर १९९१ रोजी आल्प्समध्ये, सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, एका जर्मन दांपत्याला वितळत्या बर्फातून अर्धवट वर आलेला मृतदेह दिसला. त्यांनी एक छायाचित्र घेतले आणि जवळच्या गिर्यारोहकांच्या निवाऱ्यावर वर्दी दिली. नुकसान झाले ते पुढे. हा अलीकडे दगावलेला कोणी गिर्यारोहक असावा, या समजुतीने बर्फ फोडताना यंत्राने देहाच्या कमरेखालच्या भागाला इजा झाली आणि त्याचे धनुष्य बाहेर ओढताना मोडले. तो देह पाच हजार वर्षांहून जुना निघाला. आज जग त्याला ‘ओट्झी’ म्हणून ओळखते. हौशी पर्यटकांनी दाखवलेला संयम जबाबदार यंत्रणेला दाखवता आला नाही, हे मला फार बोलके वाटते.

सापडलेली प्रत्येक वस्तू प्राचीन नसते, हे उघडच आहे. पण बेवारस दिसणारी वस्तू बेवारस असतेच असेही नाही. झाडाच्या बुंध्याला बांधलेला कॅमेरा वन्यजीव अभ्यासकांचा असू शकतो आणि त्यातल्या मेमरी कार्डवर कित्येक आठवड्यांच्या नोंदी असू शकतात. झुडपाआड नीट झाकून ठेवलेला पाण्याचा कॅन कोणीतरी परतीच्या वाटेसाठी राखलेला असतो. तो ‘कचरा’ म्हणून उचलून नेणारा स्वच्छताप्रेमी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो. फुटक्या फुग्याला लटकलेली लहानशी पेटी दिसली, तर ती बहुधा हवामानखात्याने वातावरणाच्या नोंदींसाठी सोडलेली असते. तिच्यावर सूचना छापलेली असेल तर ती वाचून तसे करावे. पाऊलवाटेवर पडलेला चष्मा किंवा किल्ली दूर न नेता तिथेच उंचावर, नजरेस पडेल अशी ठेवणे बरे, कारण हरवणारा माणूस शोधत त्याच वाटेने मागे येतो. मोबाइलची गोष्ट निराळी. तो सुरू ठेवून पोलिसांकडे द्यावा. गंजलेला तोफगोळा किंवा तत्सम काही दिसले, तर कुतूहल आवरून आल्या पावली मागे फिरावे आणि पोलिसांना कळवावे.

आपणांस विनंती एवढीच की, अशी बातमी छापताना वस्तू जागेवर असतानाचे छायाचित्र आहे का आणि शोध संबंधित खात्याला कळवला आहे का, हे बातमीदाराने आवर्जून विचारावे. नेमके ठिकाण मात्र छापू नये. ते छापले की दुसऱ्याच दिवशी कुदळी घेऊन गुप्तधन शोधणारे तिथे हजर होतात.

आपला,
एक नियमित वाचक