जी९ला वाइड कन्व्हर्टर लावताना: सुहासला पत्र

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मेणवलीच्या वाड्याचे फोटो काढायचेत, हातात जुना कॅनन पॉवरशॉट जी९ आहे, चौकात उभं राहिलं की समोरची ओसरी पूर्ण मावत नाही आणि मागे सरकावं तर भिंत. वाइड कन्व्हर्टर, म्हणजे दृश्य रुंद करणारं, लेन्सच्या पुढे लावायचं जोडभिंग, घ्यावा का, असं विचारलंयस. जरूर घे. फक्त त्याच्यावर छापलेल्या आकड्याला भुलू नकोस, तुझ्या कॅमेऱ्याला तो मागच्या बाजूने कसा बसतो ते बघ. बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

आधी हिशेब. जी९ची लेन्स सगळ्यात रुंद असताना ७.४ मिमीची असते, म्हणजे फिल्मच्या मापात ३५ मिमी. दोन मीटरवरून साधारण दोन मीटर रुंद भिंत फोटोत येते. कॅननचा या कॅमेऱ्यासाठीचा कन्व्हर्टर डब्ल्यूसी-डीसी५८बी ०.७५ पटीचा आहे. तो लावला की लेन्स २६ मिमीसारखी वागते आणि त्याच जागेवरून २.७ मीटरच्या आसपास भिंत दिसते. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण उंचीही तेवढीच वाढते. क्षेत्रफळ पावणेदोन पट होतं. ओसरीचे खांब जोत्यापासून तुळईपर्यंत एका फ्रेममध्ये बसवायला एवढं बऱ्याचदा पुरतं.

बाजारात ०.४५ पटीचे स्वस्त, ‘मॅक्रोसह’ म्हणून विकले जाणारे कन्व्हर्टर दिसतील. ते घेऊ नकोस. त्यांत भिंगं मोजकी, लेप जेमतेम, त्यामुळे कडा धुरकट होतात आणि पांढऱ्या आकाशासमोरच्या कौलांना जांभळी किनार येते. ‘मॅक्रो’ म्हणजे मागचा सुटा होणारा भाग, निव्वळ क्लोजअपचं भिंग.

कन्व्हर्टर म्हणजे प्रकाशशास्त्राच्या भाषेत उलटी धरलेली दुर्बीण. पुढे अंतर्गोल भिंगांचा गट, मागे बहिर्गोल. दूरच्या वस्तूचे समांतर किरण आत शिरतात आणि समांतरच बाहेर पडतात, फक्त त्यांचा कोन लहान होतो. म्हणून अनंतावरचा फोकस ढळत नाही आणि एफ-नंबरही (लेन्स किती उघडी आहे त्याचा आकडा) बदलत नाही. जवळच्या वस्तूंच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेव. एक मीटरवरचा खांब लेन्सला पावणेदोन मीटरवर असल्यासारखा दिसतो. ऑटोफोकसला याचं काही नाही, तो दिसेल तसा जुळवून घेतो. मॅन्युअल फोकस करशील तेव्हा पडद्यावरच्या फोकसच्या पट्टीवरचं अंतर मोजपट्टीने मोजलेल्या अंतराशी जुळणार नाही. तिथे पट्टीवर विसंबू नकोस, पडद्यावर मोठं करून बघ.

आता बसवण्याबद्दल. जी९ची लेन्स नळीसारखी पुढे-मागे सरकते, तिच्या तोंडावर वजन टांगलं तर झूमची छोटी मोटर आणि तिचे दाते बिघडतात. म्हणून एलए-डीसी५८एच ही नळी घ्यायची. ती लेन्सला न बसता कॅमेऱ्याच्या अंगाला बसते आणि कन्व्हर्टरचा सगळा भार अंगावर जातो. कॅमेरा बंद कर. लेन्सजवळचं बटण दाबून भोवतीची कडी फिरवून काढ, खुणा जुळवून नळी बसव आणि ‘टक’ होईपर्यंत फिरव. तिच्या पुढच्या तोंडाला ५८ मिमीचे आटे असतात. कन्व्हर्टर सरळ धरून आधी किंचित उलटा फिरव. आटे बसल्याचं बोटांना जाणवलं की मग सुलटा फिरव. आडवे आटे चढले की ॲल्युमिनियम घासतं आणि मग ते नीट बसत नाहीत. कन्व्हर्टर लावताना-काढताना हात कॅमेऱ्याखाली नको, कन्व्हर्टरखाली असू दे. पडतो तो तोच.

नळी एवढी लांब का? झूम करताना लेन्स जेवढी पुढे येते तेवढी जागा तिला आत लागते. नळी आखूड असेल तर लेन्स काचेला धडकेल. पण याच लांबीमुळे रुंद कोनाला लेन्सचं तोंड आणि कन्व्हर्टरची मागची काच यांत फट राहते. या फटीतून कोपऱ्यांकडचे तिरके किरण यायला मागची काच मोठी लागते. म्हणून चांगला कन्व्हर्टर जड आणि बोजड असतो. ३७ मिमीच्या मागच्या काचेचा हलका कन्व्हर्टर मधे रिंग घालून ५८ मिमीला लावला, तर बसेल नीट, पण चारही कोपरे काळे येतील. तीच गत यूव्ही फिल्टर मधे ठेवल्यावर होते. फिल्टर काढूनच टाक.

मेनूत कन्व्हर्टरची नोंद आहे, तिथे डब्ल्यूसी-डीसी५८बी निवड. कन्व्हर्टरमुळे हाताच्या कंपाने होणारं चित्राचं सरकणं कमी होतं. कॅमेऱ्याला ते सांगितलं नाही तर स्टॅबिलायझर (हाताचा कंप सावरणारी यंत्रणा) गरजेपेक्षा जास्त भरपाई करतो. कन्व्हर्टर काढलास की नोंदही काढ.

झूम पूर्ण रुंद ठेव आणि त्याला हात लावू नकोस. अॅपर्चर एफ/४. उघड्या एफ/२.८ला कडा मऊ येतात. मोठ्या कॅमेऱ्याच्या सवयीने एफ/८ला जाशील तर सगळाच फोटो मऊ होईल, कारण या सेन्सरचे पिक्सेल २ मायक्रॉनहूनही लहान आहेत आणि एफ/८ला विवर्तनाचा (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याचा) ठिपका १० मायक्रॉनच्या वर जातो. आयएसओ ८०, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर बंद. ट्रायपॉडची पाटी रुंद असेल तर नळी तिला अडते, लहान पाटी ने. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर विसरून जा. त्यात निम्मी नळीच दिसते आणि उरलेलं दृश्यही कन्व्हर्टरशिवायचं असतं.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद ठेव. नळीची सावली खालच्या कोपऱ्यात अर्धगोल पडते. माजघरात ४३०ईएक्स हा कॅननचा वर लावायचा फ्लॅश वापरायचाच असेल तर त्याचं डोकं स्वतः २४ मिमीवर लाव आणि उजेड छताकडे वळव. भित्तिचित्रांवर मात्र कुठलाच फ्लॅश नको, रंग जपायचे आहेत.

खरी अडचण वाड्याचीच आहे. तिथे सगळं सरळ: खांब, तुळया, चौकटी, फरसबंदी. कन्व्हर्टर कडेच्या रेषा बाहेर फुगवतो आणि कडेचा खांब चटकन धनुष्यासारखा दिसतो. फोटो काढताना कॅमेरा पातळीत धर आणि कडेला थोडी जागा सोड, दुरुस्तीत ती कापली जाते. घरी संगणकावर हगिन या सॉफ्टवेअरमध्ये एका खांबाच्या रेषेवर बिंदू टाकून त्याला ही रेषा सरळ आहे असं सांगायचं, तो वक्रतेचे आकडे काढून देतो. झूम कायम पूर्ण रुंद असल्यामुळे तेच आकडे सगळ्या फोटोंना चालतात. तांबडी-निळसर किनार रॉथेरपी या रॉ फाइलच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगांच्या दुरुस्तीने बरीच जाते. माणसांचा ग्रुप फोटो असेल तर वक्रता काढू नकोस. रेषा सरळ केल्या की कडेच्या माणसांचे चेहरे ताणून रुंद होतात. फुगीर चौकट खपते, काकूंचा फुगीर गाल खपत नाही.

जुना कन्व्हर्टर घेताना मागून टॉर्च मार आणि पुढून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे, परत कर. हलवून बघ, खडखडला तर आतली कडी सैल आहे. आट्यांच्या कडेला पोचा असेल तर तो नीट चढणार नाही. पुढची काच बाहेर आलेली आणि उघडी असते, टोपी असलेलाच घे. तिच्यावरचा धुळीचा कण चौकातून येणाऱ्या उन्हात पांढऱ्या डागासारखा दिसतो. पुसण्याआधी नेहमी रबरी ब्लोअर. पावसाळ्यात तो बॅगेत ठेवू नकोस, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेव.

निघण्याआधी घराच्या भिंतीवर मोजपट्टी आडवी चिकटव आणि दोन मीटरवरून कन्व्हर्टरसह आणि कन्व्हर्टरशिवाय एकेक फोटो काढ. दोन्ही एफ/४ला, पातळीत. खरी पट, कोपरे आणि वक्रता तिन्ही एकदम कळतील. त्या दोन रॉ फाइल मला पाठव, हगिनचे आकडे मी काढून देतो.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
श्रीधर