त्या घमेलंभर मातीसाठी

बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं नाव इथे लिहीत नाही. "बाई, माझं नाव कुठं घेऊ नका," असं तू माझ्या आईला पुरलं त्याच दिवशी म्हणाला होतास. गावात ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि त्यांनी ओळखावं म्हणूनच हे पत्र तुझ्या घरी आणून न देता असं उघड लिहिते आहे. तुझ्या बाबतीत आमच्या हातून जे झालं ते चारचौघांत झालं होतं. माफी तेवढी दाराआड कशाला मागायची?

एप्रिल २०२१ चा शेवटचा आठवडा. आई नगरच्या एका दवाखान्यात नऊ दिवस होती. त्या नऊ दिवसांचं फार सांगत नाही. डिपॉझिट, रेमडेसिविरची चिठ्ठी, ऑक्सिजनसाठी रात्री-अपरात्री केलेले फोन, हे त्या उन्हाळ्यात घरोघरी भोगून झालंय. ती गेली तेव्हा मी स्वतः पॉझिटिव्ह होते, अंगात ताप होता. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या अकरा जणांना मी फोन लावले. ज्यांच्या घरच्या लग्नांत, लेकरांच्या बाप्तिस्म्यांत माझ्या आईनं पहाटेपासून पुऱ्या लाटल्या, ते हे अकरा जण. कोणाचा फोन बंद होता, कोणी उचललाच नाही, चौघांनी "प्रार्थनेत आहोत बाई" म्हणून ठेवून दिला. ते प्रार्थना करत होते यात मला शंका नाही. पण त्या दुपारी आईला खड्डा खणायला चार हात हवे होते, आणि ते मिळेनात.

तू आलास. तुला कोणी कळवलं ते मला आजवर कळलेलं नाही. तुझा छोटा हत्ती, तुझे दोन मित्र, त्यातला एक तर मोमीनपुऱ्यातला, आपलं फावडं घेऊन आलेला. तिघांच्या अंगात तो प्लास्टिकचा पोशाख, वर एप्रिलचं ऊन.

मी कब्रस्तानाच्या तारेबाहेर, कडुलिंबाखाली उभी होते. आत येऊ नका, असं तूच हातानं खुणावलं होतंस. तुम्ही आईला दोरांवर खाली सोडलंत. आता माती लोटणार, हे दिसलं आणि मी मान फिरवली. आपल्यात माती देणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. पाळकसाहेब म्हणतात, मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ, आणि घरचं माणूस मूठ सोडतं. ते राहिलं तर निरोपच राहिला. आणि मी तिची एकुलती लेक.

तेवढ्यात फावड्यांचा आवाज थांबला. बघते तर तू घमेलं घेऊन माझ्याकडे येत होतास. वाटेत मधेच उकिडवा बसलास. मला वाटलं, तुला भोवळ आली. मग नीट पाहिलं. तू घमेल्यातली ढेकळं बोटांनी फोडत होतास. हातमोजे घातलेल्या बोटांनी खडे वेचून एकेक बाजूला टाकत होतास. वेचून झाले तसा उठलास, तारेपाशी आलास, खालच्या फटीतून घमेलं माझ्याकडे सरकवलंस आणि मागे गेलास. दहा पावलं तरी गेला असशील. तिथून म्हणालास, "बाई, माती द्या."

मी वाकले. वरची माती उन्हानं तापलेली होती, बोटं आत गेली तशी गार लागली. मी मूठ भरली, घट्ट धरली आणि पुन्हा घमेल्यातच सोडली. असं तीनदा. पाळक नव्हते, म्हणून ते शब्द माझे मीच म्हटले. तू घाई केली नाहीस. तुझ्या चष्म्यावर आतून वाफ धरली होती, तुला मी दिसतही नसेन. मी मागे सरले तसा तू पुढे आलास, घमेलं दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलंस आणि चालत गेलास. मित्रांनी फावडी उचलली होती, त्यांना तू थांबवलंस. ते एक घमेलं आधी ओतलंस, अगदी हळू. मग बाकीची माती.

खड्डा खणून दिलास, गाडी आणलीस, पैसे घेतले नाहीस, या सगळ्यासाठी मी तुझी ऋणी आहेच. पण ते खडे वेचणं माझ्या मनातून जात नाही. आपल्या हातून कोणाच्या आईला टोचू नये, एवढी काळजी तू एका मेलेल्या बाईची घेतलीस. आणि ती कोणाची आई होती, हे तुला पुरतं ठाऊक होतं.

आता ते लिहिते, ज्याचा तू आजवर कधी उच्चार केला नाहीस.

ऑगस्ट २०२० मध्ये तुझे वडील गेले. संध्याकाळी सातच्या सुमारास तू माझ्या फाटकाशी आलास. मी कब्रस्तान कमिटीची सेक्रेटरी. मी बाहेर आले नाही, खिडकीतून बोलले. तुझे वडील आपल्या मंडळीत येत नसत, चर्चबाहेर, घराघरांत भरणाऱ्या फेलोशिपच्या प्रार्थनेला जात. मी म्हणाले, त्यांचं नाव आपल्या रजिस्टरात नाही, कमिटीचा तसा निर्णय झालाय. निर्णय झाला होता हे खरं, पण तो ठराव लिहिला होता माझ्या हातानं. मग मी आणखी एक वाक्य बोलले. म्हणाले, "यात देवाचा हात आहे, आपण मध्ये पडू नये." तू एवढंच म्हणालास, "बरं बाई." आणि गेलास. त्या रात्री तुम्ही त्यांना तुझ्या मामाच्या शेतात, बांधाला पुरलंत.

आम्ही घाबरलो होतो, हे कारण पुरेसं नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याच्या मार्च २०२० च्या सूचनांची प्रत माझ्या कपाटात होती. दफनाला मनाई नाही, अंगाला हात न लावता धर्मग्रंथातलं वाचन करता येतं, घरच्यांना लांबून शेवटचं पाहता येतं, हे त्यात लिहिलेलं मी वाचलं होतं. वाचूनही तुला खिडकीतून परत पाठवलं.

२०२० च्या त्या उन्हाळ्यात माझ्या अंगात काय भरलं होतं तेही सांगते. २४ मार्चला लॉकडाउन जाहीर झाला, १२ एप्रिलचा ईस्टर चर्चला कुलूप लागलेला गेला. मग मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळधाड आली. बायबलातल्या इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात, तेराव्या वचनात पाऊस बंद होणं, टोळ आणि मरी यांचा एकत्र उल्लेख आहे. मला वाटलं, सगळं जुळलं. झूमवर मी तीन रविवार त्याच्यावर प्रवचन दिलं. पश्चात्ताप करा, असं मी इतक्या मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. कोणी करायचा, तर पिणाऱ्यांनी, चर्चला न येणाऱ्यांनी, आणि घराघरांत फेलोशिपा काढून मंडळ्या फोडणाऱ्यांनी. तुझ्या वडिलांसारख्यांनी. त्याच अध्यायातलं चौदावं वचन मला तोंडपाठ आहे. माझ्या नावानं ओळखले जाणारे माझे लोक नम्र होतील, माझं मुख शोधतील, आपल्या वाईट मार्गांपासून फिरतील तर, असं ते आहे. माझे लोक! म्हणजे आम्हीच, रजिस्टरात नाव असलेले. तीन रविवार ते वाचून मला ते दिसलं नाही.

एवढ्यावर भागलं नाही. तुझ्या वडिलांना जाऊन अडीच महिने झाले असतील, ऑक्टोबरअखेरीस धर्मसुधारणेच्या रविवारी मी मार्टिन ल्यूथरवर बोलले. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा ल्यूथर शहर सोडून गेला नाही, त्यानं आणि त्याच्या बायकोनं, काटारीनानं, आजाऱ्यांना आपल्या घरात घेतलं, हे मी भरल्या गळ्यानं सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी एकालाही तुझी आठवण झाली नाही. मला तरी कुठे झाली?

आईला पुरून आले आणि पुढचे चौदा दिवस मागच्या खोलीत पडून होते. तेव्हा दाविदाचं ते प्रकरण वाचलं, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातलं चोविसावं. दाविदानं गर्वानं लोकांची मोजदाद केली, मरी आली, दान गावापासून बैर-शेबापर्यंत सत्तर हजार माणसं मेली. तेव्हा हा राजा काय म्हणतो? पाप मी केलंय, या मेंढरांनी काय केलं? तुझा हात माझ्यावर आणि माझ्या घराण्यावर पडो. आम्ही साथीत नेमकं याच्या उलट बोलत होतो, मेंढरांना दोष देत होतो. आणि मीही मोजदादच करत बसले होते, रजिस्टरात कोण आहे आणि कोण नाही याची.

मराठी शिकवण्यात जन्म गेला, म्हणून एक सांगते. पश्चात्ताप हा शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा फोडून दाखवलाय, पश्चात् अधिक ताप. नंतर येतो तो ताप. थर्मामीटरवर एकशे दोन दिसत असताना त्याचा अर्थ मला पहिल्यांदा लागला. दवाखान्याचा ताप सातव्या दिवशी उतरला. दुसरा अजून आहे, आणि तो उतरू नये असं मला वाटतं.

तुला आठवतंय का, चौथीत मी सावित्रीबाईंचा प्लेगातला प्रसंग सांगितला होता? मुंढव्याबाहेरच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या हडपसरला, त्यांच्या दत्तक मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात गेल्या. पोरगा वाचला आणि १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या. तू मागच्या बाकावरून उठून विचारलं होतंस, "बाई, त्यांना भीती नाही वाटली?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पुढचा धडा घ्यायची घाई असेल. ते उत्तर तू तुझं तुझं शोधून ठेवलं होतंस, हे मला त्या कडुलिंबाखाली दिसलं.

तुझ्यासारखी माणसं त्या वर्षी पुष्कळ निघाली, हे मला आता कळतं. नगरची घर घर लंगर सेवा भुकेल्याला जेवण देताना जात विचारत नव्हती. कुठे मुसलमान पोरं हिंदूंच्या तिरड्या उचलत होती, कुठे सख्खी मुलं मागे सरली तेव्हा नगरपालिकेचे सफाई कामगार अग्नी देत होते. यातल्या कितीकांना वचनं पाठ असतील? यूट्यूबवर तेलाच्या बाटल्या आणि रुमाल दाखवून रोग बरा करणारे त्या दिवसांत घराबाहेरही पडले नाहीत. प्रभूनं शेवटच्या न्यायाच्या वेळी काय विचारीन ते मत्तयाच्या पंचविसाव्यात सांगून ठेवलंय. मी आजारी होतो, तुम्ही आलात का? रजिस्टरबद्दल त्यात काही नाही.

जुलैमध्ये कमिटी बसली तेव्हा मी ऑगस्टचा तो ठराव काढला, मोठ्यानं वाचला आणि खाली माझी सही आहे हे सांगितलं. ठराव रद्द झाला. आता ख्रिस्ताचं नाव घेणारा कोणीही, कोणत्याही मंडळीचा असो, वर्गणी भरलेली असो नसो, आपल्या कब्रस्तानात जागा मिळवतो. दोन पंच उठून गेले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्याचं दुःख नाही. सेक्रेटरीपद मी त्याच दिवशी सोडलं.

तुझ्याकडे मात्र दोनदा येऊन मी न बोलताच परतले. पहिल्यांदा तुझ्या बायकोनं चहा ठेवला, तू म्हणालास, "बाई, झालं ते झालं, आईंचं कसं आवरलंत ते सांगा." दुसऱ्यांदा तू विषय निघायच्या आधीच गाडीचं चाक बदलायला उठलास. तू मला वाचवत होतास, हे मला समजलं. पण मला वाचायचं नाहीये, बाळा. दाविदाला मरी थांबवायला वेदी बांधायची होती. अरवना नावाच्या माणसानं आपलं खळं, बैल, लाकडं, सगळं फुकट देऊ केलं. दावीद नाही म्हणाला. ज्याची किंमत मी मोजली नाही असं अर्पण देवाला वाहणार नाही, म्हणाला, आणि पन्नास शेकेल चांदी मोजून दिली. तू मला क्षमा अशी फुकट देऊन टाकलीस. मला ती चार लोकांसमोर मागून घ्यायची आहे.

तेव्हा मागते. तुझ्या वडिलांना मी जागा नाकारली. देवाचं नाव घेऊन नाकारली. मला क्षमा कर.

आणखी एक मागणं आहे. ईस्टरच्या पहाटे आपण सगळे मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात जातो. माझी आई तिथे आहे, तुझे वडील तिथे नाहीत. तू त्या पहाटे एकटाच मामाच्या शेतावर जातोस, असं तुझी बायको सांगत होती. येत्या ईस्टरला मी तुझ्याबरोबर येऊ का? त्यांना मी अजून माती दिलेली नाही. बांधाची माती कडक असेल. तू नुसता उभा राहा, ढेकळं मी फोडीन.

तुझ्या चौथीच्या वर्गाच्या बाई